मीटरवरचा आकडा पाहून गाडी बदलू?

प्रश्न : माझी 2020ची नेक्सॉन ईव्ही (बॅटरी 30.2 युनिट) छान चालते. 45 युनिटच्या नव्या नेक्सॉनच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये मीटरवर भरपूर रेंज दिसली. बदलावी का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : घाई नको. मीटर आधीच्या चालवण्यावरून अंदाज बांधतो. जाहिरातीतले 489 किलोमीटर तर प्रमाणित चाचणीतले. शोरूमभोवतीच्या फेरीत काही कळत नाही. एसी लावून जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत जाऊन या, बॅटरी किती टक्के उतरली ते टिपा, मग त्याच रस्त्याने तुमची गाडी न्या. टक्क्यांचे युनिट करूनच तुलना करा. नव्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजेन (वेग कमी होताना बॅटरीत परत जाणारी वीज) कमी-जास्त करून पाहा. ही सोय मात्र खरंच झकास! तुमच्या बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी 2028पर्यंत आहे, 1.6 लाख किलोमीटर त्याआधी झाले नाहीत तर.