अधूनमधून बंद पडणाऱ्या इंजिनाची परीक्षा

यंत्रातील दोष दोन प्रकारचे असतात. एक दोष सदैव हजर असतो, तर दुसरा पाहुण्यासारखा येतो आणि निघून जातो. पहिल्याचा शोध लावणे सोपे, कारण केव्हाही पाहावे तर तो आपल्या जागी सापडतो. दुसरा मात्र गाडी कारागिरापुढे उभी करताच नाहीसा होतो. घाटात चार वेळा बंद पडलेली मोटार कारखान्याच्या दारात अशी सुरेख चालते की, मालकाने उगीच कुरकूर केली असे वाटावे. मग अंदाजाने एखादा भाग बदलण्यात येतो, पैसे खर्च होतात, आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा त्याच चढावर उभी राहते. अशा दोषाचा माग कसा काढावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्यांच्या घरी जुनी मोटार अद्याप जतन केलेली आहे, अशा पालकांसही त्याचा उपयोग होईल.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाची प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊ. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात, इटलीच्या फियाट ११०० या नमुन्यावरून ही गाडी तयार होत असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत तिने कित्येक दशके सेवा केली. अखेरची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजूनही दृष्टीस पडतात. आजच्या मोटारीत संगणक असतो व बिघाडाची खूण तो नोंदवून ठेवतो. पद्मिनीत असा साक्षीदार नाही. परंतु तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो. यास्तव अभ्यासासाठी तिच्यासारखे दुसरे यंत्र नाही.

इंजिनास काय लागते?

चार सिलिंडरांच्या या इंजिनात प्रत्येक दट्ट्या चार फेऱ्यांत एक काम पुरे करतो : पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, जळलेल्या वायूच्या जोराने खाली जाणे आणि धूर बाहेर लोटणे. हे चक्र चालू राहण्यास तीन गोष्टी अवश्य असतात. योग्य प्रमाणातील मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. पैकी दाब हा सहसा अकस्मात जात नाही व अर्ध्या तासाने परत येत नाही. म्हणून अधूनमधून बंद पडणाऱ्या इंजिनात संशय मुख्यतः दोघांवरच येतो, पेट्रोलावर किंवा विजेवर.

मिश्रणात एक किलो पेट्रोलास सुमारे पंधरा किलो हवा लागते. टाकीतील पेट्रोल नळीने इंजिनाजवळच्या पंपाकडे येते. पंपातील पातळ पडदा खालीवर होऊन ते कार्ब्युरेटरात चढवितो, आणि तेथे त्याचा फवारा हवेत मिसळतो.

ठिणगीची व्यवस्था अशी आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून जातो आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट मिटलेले असेपर्यंत वाहतो. पॉइंट उघडताच तो खंडित होतो, त्याचे चुंबकक्षेत्र एकाएकी मावळते, व त्यायोगे कॉइलच्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगपाशी ठिणगी पडते. कंडेन्सर हा पॉइंटांवर होणारी जळजळ आवरतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यास दोन या हिशेबाने दर सेकंदास १०० ठिणग्या पडाव्या लागतात. इतक्या घाईच्या कामात एखादी तार क्षणभर जरी सुटली, तरी इंजिनास ते तत्काळ जाणवते.

प्रथम साक्ष घ्यावी

कुशल वैद्य औषधाच्या बाटलीस हात लावण्यापूर्वी रोग्यास प्रश्न विचारतो. येथेही तसेच करावे. पहिला प्रश्न हा की, इंजिन बंद पडले ते कसे? चावी फिरवल्याप्रमाणे ते एकदम गप्प झाले असेल, तर बहुधा विजेचा पुरवठा तुटला आहे. उलट ते आधी झटके खाऊ लागले, पायाखालचा जोर कमी कमी होत गेला आणि मग थांबले, तर पेट्रोल अपुरे पडले असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न, केव्हा बंद पडले? केवळ सिग्नलपाशी पाय उचलताच इंजिन विझते आणि वेगात चांगले चालते, असे असेल तर कार्ब्युरेटरातील मंद चालीची बारीक जेट तुंबली आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे. खड्ड्यांतून जाताना बंद पडत असेल, तर सैल तार, बॅटरीची ढिली टोके किंवा चावीच्या खटक्यातील दोष शोधावा. पावसाळ्यात सकाळी त्रास होत असेल, तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर व प्लगच्या तारांवर बसलेला ओलावा पाहावा. अंधारात बॉनेट उघडल्यास अशा तारांवरून निळसर ठिणग्या पळताना कधी कधी दिसतात.

तिसरा प्रश्न, बंद पडल्यावर तांबडा दिवा लागला होता काय? चावी चालू असून इंजिन थांबले की, चार्जिंगचा तांबडा दिवा लागावयास हवा. तो लागत नसेल तर चावीपर्यंत किंवा चावीतूनच प्रवाह येत नाही असे समजावे. एवढ्या एका खुणेने पुष्कळ श्रम वाचतात.

अर्ध्या तासाचा चकवा

आता सर्वांत फसव्या प्रकाराकडे वळू. गाडी उन्हात चढ चढताना थांबते. अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू होते. पुष्कळांचा निर्णय ठरलेलाच असतो : 'पंप गरम झाला!' हा निर्णय कधी खरा असतो. पेट्रोल हे एकाच तपमानास उकळणारे द्रव्य नव्हे. त्यातील हलके भाग चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ होऊ लागतात. खोपोलीहून खंडाळ्याकडे घाट चढताना गाडीचा वेग मंद, इंजिनाचे श्रम अधिक आणि वारा कमी असतो. अशा वेळी नळीत वा पंपात वाफ साठली म्हणजे पंप वाफच दाबीत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही.

परंतु विश्रांतीने बरे होणारे दोष आणखीही आहेत. कॉइलच्या आतील बारीक तार तुटली असल्यास उष्णतेने तिची टोके दूर होतात व थंड झाल्यावर पुन्हा भेटतात. टाकीतील गाळ पेट्रोलाच्या ओढीने नळीच्या तोंडाशी जमतो आणि इंजिन थांबताच खाली बसतो. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजले तर पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी वाढते व पंपास पेट्रोल ओढता येत नाही. काही वेळाने हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी चालू होते. तात्पर्य, 'विश्रांती दिली आणि गाडी सुरू झाली' या एका गोष्टीवरून या चौघांपैकी अपराधी कोण हे मुळीच ठरत नाही, कारण विश्रांती चौघांनाही सारखीच लागू पडते. म्हणून खरी परीक्षा करावयाची ती त्या अर्ध्या तासाच्या आत, दोष अंगात असतानाच.

दोष हजर असताना करावयाची परीक्षा

आधी सुरक्षितता. वेग असेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, हाताचा ब्रेक ओढावा, चाकांमागे दगड लावावे. रेल्वेच्या फाटकात गाडी अडकली तर परीक्षा करीत बसू नये. माणसांनी उतरून दूर व्हावे आणि फाटकवाल्यास कळवावे. पेट्रोल सांडले असता ठिणगी पाडू नये. विडीकाडी तर दूरच ठेवावी. विद्यार्थ्यांनी ही कामे जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून करू नयेत.

पहिली गोष्ट, टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सूंऽ असा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे छिद्र साफ करावे.

दुसरी, इंजिन बंद ठेवून हवेची गाळणी काढावी व अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवावा. कार्ब्युरेटरात पेट्रोलाची धार उडाली तर पेट्रोल तेथवर पोहोचले आहे; न उडाल्यास पंप, नळी व टाकी यांकडे जावे. या वेळी ओले फडके केवळ पंपावर व नळीवर ठेवावे, कॉइलवर ठेवू नये. थोड्याच वेळात धार परत आली तर वाफेचा संशय बळावतो.

तिसरी, गाळणी पुन्हा बसवून ठिणगी पाहावी. एक जादा प्लग तारेस जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनास टेकवून, कार्ब्युरेटरापासून दूर ठेवावा आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. ठिणगी नसेल तर बारा व्होल्टचा लहान दिवा कॉइलचे पॉइंटांकडील टोक आणि गाडीचे लोखंड यांच्यामध्ये जोडून पुन्हा सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर पॉइंट आपले काम करीत आहेत. सतत जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांची तार तुटली आहे. मुळीच लागला नाही तर प्रवाह येत नाही, अथवा पॉइंट उघडत नाहीत. दिवा लुकलुकतो पण ठिणगी नाही, असे झाल्यास कॉइल, कंडेन्सर अथवा डिस्ट्रिब्यूटरची टोपी यांची पाळी येते.

एक उदाहरण

समजा, एक पद्मिनी घाटात दर खेपेस दुपारी थांबते. सगळे म्हणतात, पंप बदला. मालकाने मात्र वहीत टिपून ठेवले आहे की, गाडी झटके न खाता एकदम थांबते, तांबडा दिवा लागतो, झाकण उघडून फरक पडत नाही, कार्ब्युरेटरात धार उडते, ठिणगी नाही, आणि दिवा लुकलुकतो. पंपावर ओले फडके ठेवूनही उपयोग झालेला नाही. पुढच्या खेपेस तो एक चांगली कॉइल बरोबर नेतो. गाडी थांबताच तीच तेवढी बदलतो. इंजिन सुरू होते. येथे थांबणे पुरेसे नव्हे, कारण तोवर इतर भागही थोडे निवले असतील. म्हणून तो जुनी कॉइल गरम असतानाच पुन्हा लावतो. इंजिन पुन्हा नकार देते. नवी लावतो, ते पुन्हा चालते. आता संशय उरत नाही. दोष घालविता आला आणि परत आणताही आला, म्हणजे शोध पुरा झाला. लोकांचे ऐकून पंप बदलला असता तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशीच गत झाली असती.

एका वेळी एकच बदल

याच कारणाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि कॉइल ही सारी एकाच दिवशी नवी घातली व गाडी चालू लागली, तर दुरुस्ती झाली खरी, पण ज्ञान काहीच मिळाले नाही. शिवाय दोष आपोआप येणारा-जाणारा असल्यामुळे, कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडावी तसेही घडले असेल. टॅक्सीवर संसार चालविणाऱ्या माणसास असे फुकट गेलेले दोन दिवस फार महाग पडत.

आजच्या पेट्रोलासंबंधीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ साली भारतात पेट्रोलात सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. पद्मिनी घडविली तेव्हा असे इंधन कोणाच्या मनात नव्हते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे खराब करू शकते, पाणी शोषते आणि टाकीत चिकटलेला मळ मोकळा करते. त्यास पेट्रोलापेक्षा हवाही कमी लागते, म्हणून जुन्या मापाच्या जेटमधून मिश्रण विरळ होते. सबब जुन्या गाडीच्या नळ्या, पडदा व गाळणी वरचेवर पाहाव्या, व शक्य तेथे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या.

मोटार बाळगणाऱ्याने तिच्या पेटीत पान्यांबरोबर एक वही आणि पेन्सिल ठेवावी. तारीख, वेळ, ऊन की पाऊस, चढ की सपाटी, कसे थांबले, किती वेळाने सुरू झाले, एवढे सहा रकाने पुरेत. चार नोंदी जमल्या म्हणजे कारागिरापुढे तक्रारीऐवजी पुरावा ठेवता येतो, आणि चांगल्या कारागिरास त्याहून प्रिय असे काही नसते.

विचारार्थ प्रश्न

१. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास २४०० फेरे घेत असता दर सेकंदास किती ठिणग्या पडतील?

२. गाडी खड्ड्यात एकदम बंद पडली व तांबडा दिवाही लागला नाही. तुम्ही प्रथम कोठे पाहाल, व का?

३. ओले फडके पंप आणि कॉइल या दोहोंवर एकाच वेळी ठेवले व इंजिन सुरू झाले. यावरून काय सिद्ध झाले, आणि काय झाले नाही?