फोन पोटाशी धरा

पुण्याजवळच्या आमच्या सणसवाडीत थंडी म्हणजे पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगारांनी नगर रोडच्या कडेला पुठ्ठे पेटवून केलेली शेकोटी. पारा आठ-नऊवर आला की आजी दुसरी गोधडी काढते आणि पप्पा कानटोपी. एवढ्या भांडवलावर मी डॉक्टरकी शिकायला ईशान्य चीनमधल्या शेनयांगला आले. तिथे जानेवारीत उणे वीस सहज होतं. एक हिवाळा काढला आणि मला वाटायला लागलं, आता थंडी आपल्याला काय शिकवणार!

२०२४ च्या हिवाळी सुट्टीत मी आणि माझी लातूरची मैत्रीण पाठीवर एकेक सॅक टाकून निघालो. हार्बिन, बीजिंग, शीजियाझ्वांग, शीआन. सोळा दिवस. घरी सांगितलं, कॉलेजच्या मुलींचा ग्रुप आहे. ग्रुप दोघींचाच होता. खाली लिहिलंय ते पप्पांना न सांगितलेलं बरंचसं आहे, आणि क्रम प्रवासाचा नाही, आठवेल तसा आहे.

१. फोन पोटाशी धरा.

चीनमध्ये पैसे, तिकीट, नकाशा, दुभाषा, हॉटेलचा पत्ता, सगळं फोनमध्ये असतं. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. हार्बिनमध्ये आम्ही सोंगह्वा नदीवर गेलो. नदीकाठी नव्हे, नदीवर. कोरेगावच्या पुलाखालच्या भीमेवरून माणसं, घोडागाड्या आणि घसरगाड्या चालल्यात अशी कल्पना करा. डिसेंबरात याच नदीतून बर्फाच्या लाद्या कापून काढतात आणि त्यांचे महाल उभे करतात, आत रंगीत दिवे लावून. त्या वर्षी हार्बिनचं वेड साऱ्या चीनला लागलं होतं. नव्या वर्षाच्या तीन दिवसांच्या सुट्टीतच तीस लाखांवर लोक येऊन गेले होते. दक्षिणेकडून आलेल्या बुटक्या, गुंडाळलेल्या पाहुण्यांना तिथले लोक लाडाने 'दक्षिणेचे छोटे बटाटे' म्हणायचे. आम्ही दोघी म्हणजे थेट रताळी.

तर, नदीवर हातमोजा काढून मी फोटो काढत होते. उणे सव्वीस. ६२ टक्के चार्ज असलेला फोन बघता बघता काळा झाला. मैत्रिणीचा पाच मिनिटांनी. संपूर्ण चीन बीजिंगच्या घड्याळावर चालतो आणि हार्बिन बीजिंगच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. अंधार, वारा, हॉटेलचं नाव आठवेना, खिशात एक नोट नाही. पापण्यांवर श्वासाचा बर्फ धरला होता आणि मैत्रीण रडायला लागली तर मी तिला म्हणाले, रडू नकोस, गोठेल. विनोद म्हणून नाही.

गल्लीत एका काचेवर वाफ दिसली म्हणून आत घुसलो. च्याओझचं, म्हणजे चिनी मोमोचं, छोटं दुकान. मालकीणबाई पन्नाशीच्या. आम्ही काळे फोन पुढे केले. बाईंनी ते चार्जरला लावले नाहीत की हीटरवर ठेवले नाहीत. जाड रुईच्या जाकिटाची चेन उघडली, दोन्ही फोन पोटाशी ठेवले, चेन लावली आणि पुन्हा पीठ लाटायला लागल्या. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारख्या. आमच्यापुढे कढत पाण्याचे दोन पेले आले. वीस मिनिटांनी फोन बाहेर निघाले, सुरू केले, आणि माझ्या फोनवर अंक आला : ४१ टक्के. बॅटरी संपलीच नव्हती. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतले आयन सुस्तावतात, व्होल्टेज पडतं, फोनला वाटतं संपलं आणि तो बंद होतो. ऊब मिळाली की परत येतो. मी हे बारावीच्या रसायनशास्त्रात घोकलं होतं. बाईंनी घोकलं नव्हतं.

तोवर त्यांचं च्याओझ वळणं बघत होते. पारी हातावर, मध्ये सारण, कडेला चुण्या. मी हात धुतले आणि एकाला करंजीची मुरड घातली, आजी शिकवते तशी, अंगठ्याने दुमडत दोरीसारखी. बाईंनी ते उचलून दिव्यापाशी धरलं, आतून नवऱ्याला हाक मारून बोलावलं आणि मला आणखी दहा पाऱ्या दिल्या. नंतर पैसे द्यायला गेलो तर 'पू योंग, पू योंग', नको, नको. माझे मुरडीचे च्याओझ मात्र त्यांनी वेगळे उकडले आणि आम्हालाच वाढले. एक फुटलं.

२. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत, कागदावर, आतल्या खिशात. सोबत शंभर युआनच्या दोन-तीन नोटा. पहिला मुद्दा वाचल्यावर याला स्पष्टीकरण लागू नये.

३. 'परदेशी चालतात का' हे आधी विचारा. बीजिंगमध्ये रात्री साडेदहाला एका स्वस्त लॉजवर पोचलो. बुकिंग होतं, पैसे भरले होते. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट बघितले आणि मान हलवली. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांच्या यंत्रणेत करावी लागते, आणि परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची हे त्याला येत नव्हतं, एवढंच. तो वाईट नव्हता. त्याने स्वतः चार ठिकाणी फोन लावून आमची सोय केली, पण त्यात साडेबारा वाजले. मैत्रीण म्हणाली, आपल्याकडे आधारकार्डाची झेरॉक्स नाही म्हणून परत पाठवतात तसंच की.

४. आतून सुती घालू नका. घाम सुती कापडात राहतो आणि थांबलं की तोच गोठवायला लागतो. आतून थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वरून वारा अडवणारं जाकीट. चिकटवायच्या गरम पट्ट्या सगळीकडे मिळतात. त्यात लोखंडाची पूड असते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी तिचा संयोग झाला की ती तापते, थोडक्यात गंज चढण्याची ऊब. कपड्यावरून लावायच्या, कातडीवर नाही. माझ्या कमरेवर रुपयाएवढा डाग आहे.

५. खोबरेल तेल नेऊ नका. नेलंच तर रुंद तोंडाच्या डबीत. आईने दिलेली निळी बाटली सोळा दिवस दगडासारखी बरोबर फिरली.

६. कढत पाण्याला नाही म्हणू नका.

चिनी माणसाकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असतं. सर्दी झाली, कढत पाणी पी. पोट दुखतं, कढत पाणी पी. मन लागत नाही, कढत पाणी पी. आमच्या वसतिगृहात यावर विनोद चालतात. रेल्वेच्या प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, स्टेशनवर असतो, कॉलेजच्या मजल्यामजल्यावर असतो. थर्मास नसलेला चिनी म्हातारा मी पाहिला नाही. आजीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मी काय येगळं सांगत हुते? माझं कुनी ऐकत न्हाई, त्यांचं ऐकता."

७. शाकाहारी असाल तर वाक्य पाठ करा, आणि त्यावर विसंबू नका. मैत्रीण माळकरी घरातली. 'वो छ सू', मी शाकाहारी आहे, हे ती ठसक्यात म्हणायची. समोरचा समजून मान डोलवायचा आणि वांग्यात खिम्याची चिमूट यायची, कारण चवीपुरतं मांस म्हणजे त्याच्या लेखी मांस नव्हे. तिला तारलं ते दी-सान-शिएनने. बटाटा, वांगं, ढोबळी मिरची, तळून, घट्ट रश्शात. ईशान्येत कुठेही मिळतं. आणि रस्त्यावर पिंपात भाजलेली रताळी. आमच्या घरी रताळं फक्त एकादशीला आणि महाशिवरात्रीला. तिथे आम्ही सोळा दिवस उपवास केला म्हणायला हरकत नाही.

८. चीनची भिंत हा गड समजून चढा. म्हणजे शूज चांगले घाला आणि फुशारकी मारू नका. मुतिआनयूला बर्फ होता. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी, आणि उत्तरेकडच्या सावलीत काचेसारखा बर्फ. मी सिंहगड, रायगड, राजगड केलेत, हे मी मैत्रिणीला तीनदा ऐकवलं होतं. चौथ्यांदा ऐकवताना पडले. नंतर एका ड्रायव्हरने शेजारच्या च्यानखोऊच्या पडक्या, बंद भिंतीवर न्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा नाही म्हणालो, ते या पडण्यामुळेच. उतरताना बुरुजापासून बुरुजापर्यंत चक्क बसून उतरलो.

९. शीजियाझ्वांगला उतरा.

पर्यटकांच्या यादीत हे शहर नसतं. आम्ही उतरलो ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसाठी. सोलापूरचा माणूस, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेला. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय ३२. व्ही. शांतारामांनी पुढे १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला, तो पप्पांनी दूरदर्शनवर पाहिला होता. माझ्या शिक्षणाला पप्पांनी होकार दिला त्यात त्या सिनेमाचा वाटा किती, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचा पुतळा शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. तिथे सगळीकडे बर्फ होता. फाटकातून आत गेल्यावर बांबूच्या खराट्याने रस्ता झाडणाऱ्या आजोबांनी आमच्याकडे एक नजर टाकली, "यिन्दू?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खराट्यानेच दिशा दाखवली : "ख तीह्वा." हे कोटणीसांचं चिनी नाव. आम्ही पुतळ्यापुढे उभ्या राहिलो. एका मेणकापडात गुंडाळलेली शेवंती होती, कुणीतरी आमच्याआधी ठेवलेली, पाकळ्या गोठून कडक झालेल्या. मी हातमोजा काढून पायथ्याच्या दगडाला हात लावला आणि लगेच मागे घेतला, इतका तो भाजला.

माझ्या अंगावर तीन थर होते, पोटावर गरम पट्टी होती आणि खोलीत रेडिएटर वाट बघत होता. त्यांनी शेवटचे हिवाळे हेबेईच्या खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरांत शस्त्रक्रिया करत काढले. हाताची बोटं बधिर झाली की टाका घालता येत नाही, हे मला आता कळतं. ते काय करत असतील? बहुतेक कढत पाणी.

१०. शीआनला दोन गोष्टी बघा आणि एक आठवा. मातीच्या सैनिकांची फौज १९७४ साली सापडली ती विहीर खणताना, दुष्काळात. आमची विहीर आजोबांनी ७२ च्या दुष्काळात खणली होती. आजीला फोनवर सैनिक दाखवले. ती म्हणाली, "आपल्या हिरीला नुसता काळा पाषाण लागला गं. सुरुंग लावून लावून तुझ्या आज्याचं कान गेलं." दुसरी गोष्ट, जंगली हंसांचा मोठा पॅगोडा, ६५२ सालचा, ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला. आठवायचं ते हे की हा भिक्षू महाराष्ट्रातही येऊन गेला होता, पुलकेशीच्या काळात, आणि इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय : उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. मैत्रीण म्हणाली, लातूरला आला असणार.

११. चिनी नववर्षाच्या आधी रेल्वेत बसू नका. बसायला मिळतच नाही.

२०२४ मध्ये ते १० फेब्रुवारीला होतं. त्याच्या मागेपुढे चाळीस दिवस अख्खा देश गावी जातो आणि परत येतो, त्याला छुन-युन म्हणतात. तिकीट पंधरा दिवस आधी खुलतं आणि बघता बघता संपतं. शीजियाझ्वांगहून शीआनला आम्हाला मिळालं ते 'वू-झ्वो', जागा नसलेलं तिकीट. भाडं मात्र बैठकीच्या डब्याचंच. हिरव्या रंगाची संथ गाडी, अख्खी रात्र.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बेसिनवर माणूस, बेसिनखाली पोतं. सगळे कारखान्यांतले आणि बांधकामावरचे. त्यांना चिनी भाषेत नोंगमिन-गोंग म्हणतात, शेतकरी-कामगार. हा शब्द ऐकला की मला आमच्या भाडेकरूंच्या खोल्या दिसतात. सणसवाडीत कंपन्या आल्या तेव्हा गावाने उसाच्या शेतात खोल्या बांधल्या. आमच्या अकरा आहेत. एकेका खोलीत बिहार-यूपीची चार-पाच पोरं, पाळीपाळीने एकाच गादीवर झोपणारी. पहिल्या तारखेला भाडं गोळा करायला लहानपणी मीच जायचे. त्यांची नावं मला वहीतली पाठ होती, तोंडं नाही.

दीडच्या सुमाराला माझे पाय थरथरायला लागले. शेजारी एक चाळिशीचा माणूस बसला होता, प्लॅस्टिकच्या बादलीवर. वीस लिटरची रंगाची बादली, झाकणावर दुमडलेली चादर. त्याने वर माझ्याकडे बघितलं, उठला, झाकणावर थाप मारली. मी नको म्हणाले. त्याने पुन्हा थाप मारली. मी बसले. तो चार तास उभा होता. मध्ये एकदा मला उठवून त्याने बादली उघडली. आत टॉवेल, दोन शर्ट, मुलीसाठी गुलाबी बूट, नवे, लेबलासह, आणि सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांची पिशवी. ओंजळभर बिया मला, ओंजळभर मैत्रिणीला. मग गर्दीतून वाट काढत टोकाला गेला आणि थर्मास भरून आणला.

पहाटे एका स्टेशनवर तो बादली घेऊन उतरला. मी खिडकीतून हात केला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

शीआनला पोचल्यावर पप्पांना फोन लावला.

"पप्पा, आपल्या खोल्यांतली पोरं छठला गावी कशी जातात हो?"

"कशी म्हणजे? पुण्याहून दानापूर गाडीने. जनरलच्या डब्यात."

"बसायला मिळतं का त्यांना?"

"कुठलं! रंगाची बादली नेतात बरोबर. आपल्या घराला रंग दिला तेव्हाच्या चार रिकाम्या होत्या, त्या मागून नेल्या की त्यांनी. का गं?"