हीटसिंक सोडविण्याची साधी साधने

संगणकाच्या प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा जो ठोकळा बसविलेला असतो, त्यास हीटसिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता शोषून ती हवेत सोडणे हे त्याचे कार्य. दोहोंमधील सूक्ष्म फटी भरून काढण्यासाठी उष्णतावाहक लेप लावतात. कालांतराने हा लेप सुकून डिंकासारखा चिकटतो. खरा धोका तेथेच असतो.

ए.एम.डी.च्या एएम-४ जातीच्या प्रोसेसरला खालून १३३१ नाजूक पिना असतात. हीटसिंक सरळ वर ओढल्यास कित्येकदा प्रोसेसरही त्याबरोबर उपटून येतो व पिना वाकतात. म्हणून येथे बळापेक्षा युक्ती श्रेष्ठ.

प्रथम संगणक दहा मिनिटे चालवावा, म्हणजे उबेने लेप मऊ होतो. नंतर तो बंद करून विजेची जोडणी काढावी व पंख्याची तार सोडवावी. फुलीच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने कर्णरेषेतील स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे सैल करावेत. इंटेलच्या अनेक पंख्यांना स्क्रूऐवजी चार खुंट्या असतात. त्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने डावीकडे पाव फेरा फिरवून वर ओढाव्यात. मग हीटसिंक हलकेच डावीउजवीकडे पिळावा. तरीही न सुटल्यास दात साफ करण्याचा दोरा फटीतून करवतीसारखा ओढावा. लोखंडी पाते मात्र खुपसू नये. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि पुन्हा बसविताना नवा लावावा.

शाळेतील एक संगणक बिघडला, तर पुढल्या तासाच्या मुलांचा धडा बुडतो. म्हणूनच हातास धीराचे वळण लावणे हाही आम्ही अभ्यासाचाच भाग मानतो.