पुस्तकांचं पान सांभाळताना

जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांचं पान लावणं आणि परीक्षणं लिहिणं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. बुलढाण्यात राहून हे काम करताना जे मनाला पटलं, ते नव्यानं लिहू लागलेल्यांसाठी इथे मांडतो.

१. परीक्षण वाचकासाठी लिहावं.
'अभिप्रायार्थ' म्हणून आलेली प्रत आपल्याला फुकट मिळते, वाचकाला ती विकत घ्यावी लागते. तालुक्याच्या, गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात खरेदीची यादी करताना आपल्या परीक्षणाचं कात्रण पुढ्यात असू शकतं. अनुदान तुटपुंजं असतं. भिडेखातर सुमार पुस्तकाची शिफारस केली, तर कपाटातली एका चांगल्या पुस्तकाची जागा जाते.

२. मत देण्याआधी पुस्तकात काय आहे ते सांगावं.
गोविंद तळवलकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'चं संपादन सांभाळून पुस्तकांवर भरभरून लिहिलं. 'वाचता वाचता' उघडून पाहा. मूळ पुस्तक हाती न लागलेल्या वाचकालाही त्यातला विषय आणि वाद कळतो. ज्याच्या गावात पुस्तकाचं दुकानच नाही, त्याला याचं मोल अधिक.

३. लेखक आपल्याकडचा म्हणून माप सैल करू नये, पण आपल्या मातीची जाण वापरावी.
अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेल्या एकनाथची आणि त्याच्या शेतकरी घराची ती गोष्ट. रचना, शैली यावर पुण्या-मुंबईचे समीक्षक बोलतीलच. पेरणीच्या तोंडावर पैशासाठी होणारी ओढाताण आणि त्यापायी घरात पडणारी तेढ खरी उतरली आहे का, हे चिखली-मेहकरकडचा परीक्षक अनुभवानं सांगू शकतो. ते त्यानं सांगितलंच पाहिजे.

४. जुन्या पुस्तकांसाठी पानात जागा राखावी.
मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवरून घरोघरी पोचली. त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ साली आला, आणि 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८६ साली. चांगलं लेखन आपल्या वेळेनं वाचकापर्यंत येतं. फक्त या महिन्यात आलेल्या पुस्तकांवर लिहिणारं पान त्याला न्याय देऊ शकत नाही.

५. गप्प बसण्याचीही जबाबदारी आपलीच.
बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. स्त्रियांना दोष देणाऱ्या वृत्तपत्री लिखाणाला त्यांनी त्यात थेट जाब विचारला होता. पुस्तकावर टीकेची झोड उठली. महात्मा फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. तरीही पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेलं आणि स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा वाचकांपुढे आणलं. मधल्या ९३ वर्षांत किती पिढ्या या पुस्तकावाचून राहिल्या! म्हणून न पटणाऱ्या पुस्तकाचीही दखल घ्यावी. विरोध करायचा तर मुद्द्यांनी करावा, पण पुस्तक अनुल्लेखानं मारू नये.

६. संपादकानं शब्द कापावेत, मत कापू नये.
जाहिरात आली म्हणून मजकुरात साखर घालायची नाही आणि लेखकाचा फोन आला म्हणून 'पण' खोडायचा नाही. पुस्तकातला उतारा वऱ्हाडीत असेल, तर तो जसाच्या तसा छापावा. त्याला प्रमाण मराठीचे कपडे चढवले, तर लेखकाचा आवाजच वाचकापर्यंत पोचत नाही.

७. स्तुतीला आणि टीकेला सारखाच पुरावा द्यावा.
'वाचनीय', 'संग्राह्य' हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. कोणतं प्रकरण जमलं, कोणतं पात्र कागदीच राहिलं, हे नेमकं दाखवावं. असं परीक्षण वाचून दुखावलेला लेखकही त्याचा विचार करतो.

आज बऱ्याच वृत्तपत्रांत पुस्तकांचं पान आक्रसत चाललं आहे. ते टिकवणं वाचकाच्याही हाती आहे. परीक्षण आवडलं, खटकलं, तर संपादकांना चार ओळी लिहा. आपल्या तालुक्यातल्या लेखकाचं पुस्तक आलं, तर ते विकत घ्या, पूर्ण वाचा आणि त्यावर प्रामाणिकपणे लिहून स्थानिक दैनिकाकडे पाठवा.