छाप्यातून कार्डं : आपट्याचं पान, पणती आणि परदेशातला भोपळा

मागच्या काही बैठकांमध्ये बऱ्याच ताईंनी विचारलं, की पापड-लोणच्यांशिवाय सणासुदीला घरबसल्या दुसरं काय करता येईल? म्हणून या अंकात छापा (स्टेन्सिल) आणि शाई वापरून हाताने कार्डं आणि सजावट कशी करायची ते शिकू. यात मशीन लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो स्थिर हात, थोडा धीर आणि चोख हिशेब. हिशेबाचा भाग शेवटी आहे, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. तो वाचल्याशिवाय कोणतीही ऑर्डर घेऊ नका.

छापा आपल्याला नवा नाही

दारात रांगोळीचा छापा आपण वापरतोच. जाळीवर रांगोळी टाकली, हात फिरवला, छापा उचलला की खाली फूल तयार. मार्केट यार्डात पोत्यांवर नावं आणि नंबर असेच छापतात. कार्डाचा छापाही तसाच. फक्त रांगोळीऐवजी शाई आणि जमिनीऐवजी कागद. एक छापा नीट कापला, की त्यातून शंभर कार्डं सारखी निघतात. चित्रकला येत नाही म्हणून मागे राहणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवा.

हॅलोविन म्हणजे काय?

शहरातली दुकानं, इंग्रजी शाळा आणि परदेशी राहणारे आपले लोक यांच्याकडून ऑक्टोबरसाठी 'ऑटम कार्ड' आणि 'हॅलोविन सजावट' अशी मागणी येऊ शकते. काम करण्याआधी ते काय आहे हे माहीत हवं, नाहीतर चित्र चुकतं.

ऑटम म्हणजे तिकडची पानगळ. आपल्याकडे शरदात, म्हणजे दसरा-कोजागिरीच्या सुमारास, रान हिरवंच असतं. आपली पानगळ पुढे शिशिरात. अमेरिका, कॅनडा, युरोप या थंड देशांत मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पानं रंग बदलतात. दिवस लहान होतो, गारठा पडतो, तसा पानातला हिरवा रंग नाहीसा होतो. मग आत आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. मेपलसारख्या काही झाडांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. म्हणून ऑटम कार्डावर पिवळा, नारिंगी, तांबडा आणि तपकिरी हेच रंग लागतात. तिथे हिरवंगार आंब्याचं पान काढलं तर गिऱ्हाईक परत देईल.

हॅलोविन दरवर्षी ३१ ऑक्टोबरला येतो. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती धर्मातला सर्व संतांचा दिवस, आणि हॅलोविन ही त्याच्या आदली संध्याकाळ. ही प्रथा मूळची आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिथले लोक अमेरिकेत जाऊन राहिले, तेव्हा त्यांना लाल भोपळा मोठा आणि कोरायला सोपा मिळाला. तेव्हापासून डोळे-दात कोरलेला भोपळा ही या सणाची खूण झाली. मुलं भुताखेतांचे, प्राण्यांचे वेष घालून घरोघरी जातात आणि खाऊ मागतात. रंग दोन : नारिंगी आणि काळा. चित्रं : भोपळा, वटवाघूळ, कोळ्याचं जाळं, मांजर, घुबड.

आता काही ताई विचारतील, "भुतांचं काम आपण कशाला करायचं?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे घुबड घरावर बसलं तरी लोक घाबरतात. यात जबरदस्ती कुणावरच नाही. ज्यांना नको वाटतं त्यांनी फक्त पानं आणि साधा भोपळा करावा, तीही कार्डं तितकीच चालतात. गटाने बैठकीत ठरवावं आणि ते इतिवृत्तात लिहावं. एकीने होकार द्यायचा आणि बाकीच्यांनी मन मारून करायचं, असं नको.

साहित्य

* जाड कार्डपेपर, २५० जीएसएमच्या आसपास. ए-फोर कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दुमडला की साधारण १०.५ × १४.८ सेंमीचं कार्ड तयार. त्याला सी-सिक्स मापाचं पाकीट बसतं.
* छाप्यासाठी प्लास्टिकची पारदर्शक शीट, जुन्या फाइलचं कव्हर किंवा लॅमिनेशन केलेला कागद. साधा पुठ्ठा शाईने भिजून फुगतो.
* पेपर कटर आणि खाली ठेवायला जुनी काच किंवा जाड पुठ्ठा.
* भांडी घासायचा नवा स्पंज, कापून लहान तुकडे. एका रंगाला एक तुकडा.
* शाई : अंगठ्याला आणि गटाच्या शिक्क्याला वापरतो ते स्टॅम्प पॅड चालतं, पण त्यात पिवळा-नारिंगी सहसा मिळत नाही. त्यासाठी पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक रंग घ्या. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्याने जात नाही, म्हणून छापा लगेच धुवा.
* चिकटपट्टी, पट्टी, पेन्सिल, पुसायला जुनं फडकं.

छापा कसा कापायचा?

१. आधी चित्र कागदावर काढा. रेषा कमी, आकार मोठा. पान दोन्हीकडून सारखं यायला कागद दुमडून अर्धंच काढा आणि कापा.

२. चित्रावर शीट ठेवून चिकटवा. आतली लहान भोकं आधी कापा, बाहेरची मोठी कड शेवटी. मोठा भाग आधी कापला तर शीट ढिली पडते आणि बारीक काम बिघडतं.

३. 'पूल' ठेवायला विसरू नका. भोपळ्याचं तोंड रिकामं ठेवून आत दात हवे असतील, तर दात कडेला जोडलेले राहिले पाहिजेत, नाहीतर ते सुटून पडतील. अक्षरांचंही तसंच. 'शुभ दीपावली' लिहिताना 'व' आणि 'प' यांच्या पोटातला तुकडा गळून जातो. तिथे दोन मिलिमीटरची पट्टी न कापता सोडा.

४. वळण कापताना कटर एका जागी ठेवून शीट फिरवा. हात सफाईने चालतो आणि बोटही वाचतं.

शाई कशी लावायची?

बरीच कार्डं बिघडतात ती जास्त शाईने. स्पंज रंगात बुडवू नका, नुसता टेकवा. मग रद्दी कागदावर चार-पाच वेळा टिपा. ठसा फिका आणि कोरडा यायला लागला की मगच कार्डावर जा.

छापा चिकटपट्टीने पक्का करा. स्पंज वरून खाली टिपत जा. पुसू नका, घासू नका, शाई कडेखाली शिरते. कडेकडून मध्याकडे चला. एका वेळी गडद करण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या. छापा सरळ वर उचला, ओढू नका. दर पाच-सहा कार्डांनंतर छाप्याची मागची बाजू पुसा.

रंग नेहमी फिक्याकडून गडदाकडे. पानाला आधी सगळीकडे पिवळा, वाळल्यावर कडेने नारिंगी, टोकांना थोडा तांबडा. एवढ्यानेच पान जिवंत दिसतं. भोपळ्याच्या फोडी दाखवायला पुठ्ठ्याची कड गोलसर कापा, भोपळ्यावर आडवी-उभी न ठेवता वरून खाली धरा आणि तिच्या कडेने गडद नारिंगी टिपा. पुठ्ठा थोडा सरकवा, पुन्हा टिपा.

भाद्रपदात हवा दमट असते. कार्डं एकमेकांवर ठेवू नका, दोरीला चिमटे लावून वाळवा. पूर्ण वाळली की वजनाखाली ठेवा, वाकणार नाहीत.

एकाच हाताने तीन सण

*दसरा :* आपट्याचं पान दोन पाळ्यांचं, छापा कापायला सगळ्यात सोपं. खरं पान कार्डावर ठेवून भोवती पिवळा टिपला, तरी मधे पांढरं पान उमटतं. छापासुद्धा लागत नाही.

*दिवाळी :* पणती, आकाशकंदील, तुळशीवृंदावन. परदेशातल्या मराठी घरांनाही ही कार्डं हवी असतात.

*ऑटम-हॅलोविन :* मेपलचं पाच टोकांचं पान, भोपळा, वटवाघूळ. सजावटीसाठी हीच चित्रं जाड कागदावर छापा, कापा आणि दोरीत ओवा. जत्रेला पताका करतो तसंच. एका दोरीत १० तुकडे, दोन्ही बाजूंना शाई, कारण दोरी वाऱ्याने फिरते.

हे सण जवळजवळ येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. रंग, कागद, स्पंज तेच. म्हणून एकाच सणावर सगळे पैसे लावू नका.

हिशेब : शंभर कार्डांचा

खालचे भाव उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव घालून स्वतः मांडा.

* कार्डपेपर ५० × ₹६ = ₹३००
* पाकिटं १०० × ₹३ = ₹३००
* शाई, रंग, स्पंज = ₹१५०
* शीट, ब्लेड = ₹६०
* पारदर्शक पिशव्या = ₹१००
* बिघडणाऱ्या कार्डांसाठी = ₹९०
* साहित्य एकूण = ₹१,०००
* मजुरी : एका कार्डाला १० मिनिटं, म्हणजे सुमारे १७ तास × ₹५० = ₹८५०
* प्रवास, फोन = ₹१५०
* एकूण खर्च = ₹२,०००, म्हणजे एक कार्ड ₹२०

₹२५ ला विकलं तर कार्डामागे ₹५ गटाला उरतात. आता समजा व्यापारी म्हणाला, "ताई, पंधराने द्या, हजार कार्डं घेतो." हजार ऐकून डोळे चमकतात. पण शंभर कार्डांचे ₹१,५०० आले, त्यातून साहित्य आणि प्रवासाचे ₹१,१५० गेले, उरले ₹३५०. १७ तासांना वाटले तर तासाला जेमतेम ₹२०. ऑर्डर मोठी झाली म्हणून तोटा लहान होत नाही, तोही दसपट होतो.

बऱ्याच ठिकाणी आपण आपली मजुरी धरतच नाही. "घरीच तर बसून केलं" असं म्हणतो. त्याच दिवसांत सोयाबीन काढणी असते आणि तिथे रोख मजुरी मिळते. कार्डांचा दर त्याच्याशी ताडून बघा. कमी पडत असेल तर 'नाही' म्हणणं हाही धंदाच आहे.

ऑर्डर घेण्याआधी

* नमुन्याचं कार्ड दोन करा. दोन्हींवर गिऱ्हाइकाची आणि गटाची सही. एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. पुढे "रंग असा नव्हता" हा वाद राहत नाही.
* निम्मी रक्कम आधी घ्या. निदान साहित्याचा खर्च तरी हातात हवाच.
* नग, दर, माल द्यायची तारीख, उरलेले पैसे मिळायची तारीख आणि नापास मालाचं काय, हे कागदावर लिहा.
* तारीख मागे मोजा. ३१ ऑक्टोबरची सजावट दुकानात सप्टेंबरअखेर पोचायला हवी. म्हणजे काम श्रावण-भाद्रपदात. गौरी-गणपतीचे दिवस त्यातून वजा करा.
* कोणी किती नग केले याची रोजची नोंद ठेवा. कापणारी, टिपणारी, दुमडणारी, तपासणारी यांचे दर आधी ठरवा. पैसे आल्यावर दर ठरवायला बसलं की भांडण ठरलेलं.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येक गटाने आपट्याच्या पानाची १० कार्डं करून आणावीत. सोबत एका कागदावर लिहावं : किती कागद लागले, किती बिघडले, किती वेळ गेला आणि एक कार्ड कितीला पडलं. मग या तीन प्रश्नांवर बोलू :

१. आपल्या गटात कापायला कोणाचा हात चांगला, टिपायला कोणाचा?
२. काढणी सांभाळून आपण महिन्यात खरोखर किती कार्डं करू शकतो?
३. कोणत्या दराखाली आपण ऑर्डर घ्यायचीच नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्त वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. व्यापारी दारात आला, की तो आकडाच आपल्या बाजूने बोलेल.

— तुमची क्षेत्र समन्वयक