अरुंद वाट आणि आपली पाळी

स्मरणिकेसाठी ‘आपल्या विषयावर’ काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी रस्त्याविषयी लिहीन असे त्यांस वाटले नसावे. तथापि गेली अनेक वर्षे मनात घर करून बसलेला हा विषय मला वैद्यकीयच वाटतो. जेथे वाहनांच्या दोन-तीन रांगांची एकच रांग होते, त्या अरुंद जागी आपण कसे वागावे आणि का, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उपदेशाचा अधिकार मला नाही. तो का नाही, हे प्रथम सांगणे उचित होईल.

दुसऱ्या गेटवरची संध्याकाळ

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्यांना ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’, ‘तिसरे गेट’ हे शब्द निराळे समजावून सांगावे लागत नाहीत. मिरज-लोंढा लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आणि फाटकापाशी थांबणे हा आपल्या दिनक्रमाचाच एक भाग होऊन गेला. पुढे कपिलेश्वर, गोगटे चौक आणि तिसरे गेट येथे उड्डाणपूल झाले. पण मी सांगतो आहे ती गोष्ट २००६ च्या पावसाळ्यातील आहे.

दाखल असलेल्या माझ्या एका रुग्णाचा रक्तदाब अकस्मात उतरल्याचा निरोप आला आणि मी तसाच निघालो. दुसऱ्या गेटवर फाटक पडलेले. डाव्या बाजूला पंचवीस-तीस वाहने शिस्तीने उभी होती. माझ्या गाडीच्या काचेवर डॉक्टर असल्याची खूण होती आणि मनात घाई होती. मी गाडी उजवीकडे काढली आणि सर्वांना मागे टाकून थेट फाटकाच्या दांड्यापाशी नेऊन उभी केली. पाहता पाहता माझ्या मागे आणखी दहा-बारा वाहने येऊन लागली. डॉक्टर गेले, मग आपण का थांबावे, असा साधा हिशेब त्यांनी केला असावा.

गाडी गेली, फाटक उघडले आणि माझ्या अगदी समोर एक रिक्षा उभी राहिली. ती तिच्या योग्य बाजूला होती; चुकीच्या बाजूला मी होतो. रिक्षात एक वृद्ध बाई पुढे झुकून बसल्या होत्या, मुलाने त्यांना दोन्ही खांद्यांना धरले होते, आणि त्यांचा श्वास ज्या गतीने चालला होता ती पाहून निदानासाठी स्टेथोस्कोपची गरज नव्हती. मला मागे सरकता येईना, कारण माझ्या मागे माझेच अनुयायी होते. मी उतरून गेलो, नाडी पाहिली, त्यांना बसतेच ठेवा म्हणून सांगितले. औषधांची बॅग घरी राहिली होती. रिक्षावाला मुळीच आवाज न चढवता म्हणाला, “साहेब, तुमची गाडी इथं नसती तर आम्ही एव्हाना दवाखान्यात असतो.”

कोंडी फुटायला आठ-नऊ मिनिटे लागली. मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा माझ्या तरुण सहकाऱ्याने सलाईन आणि औषधे सुरू करून रुग्णाला सावरले होते. त्या वृद्ध बाईंचे पुढे काय झाले, हे मला आजवर कळलेले नाही.

दोन सेकंदांचा हिशेब

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. वाहतूकशास्त्राचा एक मूलभूत आकडा प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. एका पट्ट्यातून, सर्व काही सुरळीत असता, तासाला साधारण १,८०० मोटारी जाऊ शकतात. म्हणजे दर दोन सेकंदांस एक. अरुंद जागेची क्षमता ही अशी ठरलेली असते. मागे रांगा दोन असोत वा चार, तेथून पलीकडे जाणाऱ्या वाहनांची संख्या त्यामुळे वाढत नाही. घुसाघुशीने ती घटते मात्र निश्चित, कारण दोघे एकदम पुढे सरसावले की दोघांनाही थांबावे लागते आणि तेवढा वेळ वाट रिकामीच राहते.

याचा व्यवहारी अर्थ असा की, एका वाहनाला आपल्यापुढे येऊ देण्याने आपले नुकसान होते ते दोन-तीन सेकंदांचे. एरवी आपण उंबरठ्यावर चपला काढताना याहून अधिक वेळ घालवितो.

जपानमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच संदर्भात बोधप्रद आहे. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर त्यांनी २२ मोटारी सोडल्या आणि सर्वांना सारख्या वेगाने जाण्यास सांगितले. वाटेत अडथळा कोणताच नव्हता. तरीही थोड्याच वेळात कुणी किंचित वेग कमी केला, मागच्याने त्याहून थोडा अधिक केला, आणि अखेर काही गाड्या चक्क थांबल्या. ही कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली. आपण ऐन वेळी कुणाच्या पुढे घुसतो आणि त्याला कचकन ब्रेक मारावा लागतो, तेव्हा अशीच एक लाट मागे जाते. तिचा त्रास ज्याला होतो तो आपल्याला दिसतही नाही.

एक आड एक

जर्मनीच्या वाहतूक नियमांत यासाठी स्पष्ट तरतूद आहे. जेथे एक पट्टा संपतो तेथे दोन्ही पट्ट्यांतील वाहनांनी अगदी तोंडाशी येईपर्यंत आपापल्या पट्ट्यात राहावे आणि मग एक इकडचे, एक तिकडचे असे पुढे जावे. कपड्याच्या चेनचे दात जसे एकमेकांत बसतात, तशी ही रीत. नावही तिला त्यावरूनच पडले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा वाहतूक विभागही वाहनांची गर्दी असता हीच पद्धत वापरण्यास सांगतो. तिच्यामुळे रांगेची लांबी ४० टक्क्यांपर्यंत कमी होते असे तो नमूद करतो.

येथे एक भेद मात्र नीट समजून घ्यावयास हवा. दोन्ही पट्टे आपल्याच दिशेचे असतील, तर मोकळा पट्टा शेवटपर्यंत वापरणे हा लबाडपणा नव्हे, आणि तसे येणाऱ्यास वाट न देणे ही न्यायबुद्धीही नव्हे. फाटकावर मी केले ते याहून सर्वस्वी वेगळे होते. तेथे उजवी बाजू समोरून येणाऱ्यांची असते. तिच्यावर अतिक्रमण झाले की दोन भिंती एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि फाटक उघडूनही वाट बंदच राहते.

परदेशाची उदाहरणे दिली म्हणून हे सौजन्य आपल्याकडे नाही, असे कोणी समजू नये. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम आपल्या कायद्यात आहे आणि जुने ट्रकचालक तो पाळतात. भरलेल्या गाडीला चढणीवर थांबवले तर तिला पुन्हा हलविणे किती कठीण, हे ते अनुभवाने जाणतात. दुसऱ्याची अडचण ठाऊक असणे, हेच सौजन्याचे मूळ होय.

वैद्यांस हे का सांगावे?

हृदयाचेच उदाहरण घेऊ. वरच्या कप्प्यांतून आलेला विद्युत्संदेश ए-व्ही नोडपाशी सेकंदाचा सुमारे दहावा भाग रोखला जातो. हा विलंब दोष नव्हे. त्या अवकाशात खालचे कप्पे भरतात. तो नसता तर हृदय घाईने आकुंचन पावले असते, पण पुढे ढकलण्यास पुरेसे रक्त नसते.

उलटपक्षी, निष्कारण विलंबाची किंमतही आपणच जाणतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ मिनिटांच्या कोंडीचा हिशेब त्यावरून दीड कोटीवर जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. पण आपल्याकडे कित्येक रुग्ण आजही रिक्षातून, दुचाकीवरून, शेजाऱ्याच्या गाडीतून येतात. त्यांना भोंगा नसतो, वर दिवा नसतो. म्हणून समोरच्या प्रत्येक वाहनात रुग्ण असू शकतो असे मानून चालणे, हाच सुरक्षित मार्ग.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी काही नम्र निवेदने आहेत. काचेवरील आपली खूण आपल्याला उलट बाजूने जाण्याचा परवाना देत नाही. लोक आपल्याकडे पाहून वागतात, हे मात्र ती सुचविते. तातडीचा निरोप आला, तर निघण्यापूर्वी तेथील सहकाऱ्याला फोनवर प्राथमिक सूचना द्याव्यात. वाटेतील पाच मिनिटांचे दडपण त्याने निम्मे होते. फाटकापाशी आपली बाजू सोडू नये. रांगा एकत्र होतात तेथे एकाला पुढे जाऊ द्यावे आणि मग आपण जावे. रुग्णवाहिकेला वाट दिल्यावर तिच्या मागे लागून पुढे जाण्याचा मोह टाळावा. आणि कुणी आपल्याला वाट दिली, तर हात उचलून त्याची दखल घ्यावी. तोही पुढच्या चौकात दुसऱ्या कुणाला वाट देईल.

त्या संध्याकाळनंतर मी फाटकापाशी उजवीकडे गाडी काढलेली नाही. कधी तातडीचा निरोप असतो, मन तगमगते, मागचा हॉर्न वाजवितो. अशा वेळी समोरची उजवी बाजू मोकळी दिसते, आणि ती कुणासाठी मोकळी ठेवायची आहे हे मला आठवते.