जाब विचारायचा तर कोणाला?

प्रश्न : माझी पुतणी ग्लासगोला शिकायला आहे. फोनवर तिच्या बोलण्यात सारखं येतं, की इथल्या बोटी वर्षानुवर्षं रखडल्या, हवामानाची उद्दिष्टं सरकारने गुंडाळली आणि लोक चिडलेत ते एडिनबराच्या सरकारवर. स्कॉटलंड तर ब्रिटनचाच भाग. मग असं अर्ध्या अधिकारांचं सरकार वाहतूक आणि पर्यावरणाच्या बाबतीत कोणाला उत्तर देतं? आणि जाब विचारून तिथे काही पदरात पडतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पडतं, पण उशिरा. आणि जिथे कागद शिल्लक असतो तिथेच पडतं. तुमच्या पुतणीने सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत हे दिसतं, म्हणून त्यांच्याच आधाराने सांगतो.

आधी अधिकार कोणाकडे काय आहेत ते पाहू. आपल्याकडे केंद्र आणि राज्यांच्या विषयांच्या याद्या राज्यघटनेतच आहेत. स्कॉटलंडला १९९७च्या सार्वमतानंतर जे अधिकार मिळाले ते लंडनच्या संसदेने केलेल्या १९९८च्या कायद्याने. त्या कायद्यात लंडनने स्वतःकडे ठेवलेल्या विषयांची यादी आहे. यादीत नाही ते सगळं एडिनबराच्या होलीरूड भागातल्या १२९ सदस्यांच्या संसदेचं. त्यामुळे रस्ते, बससेवा, बेटांच्या बोटी, हवा, पाणी, जंगल हे सगळं स्कॉटिश सरकारच्या अंगावर येतं. विमानांची सुरक्षा, वाहनपरवाने, समुद्रातलं तेल आणि वायू लंडनकडे. जानेवारी २०२५मध्ये रोझबँक आणि जॅकडॉ या तेल-वायू प्रकल्पांची मंजुरी एडिनबराच्या न्यायालयाने बेकायदा ठरवली. न्यायालय स्कॉटलंडचं, समुद्र स्कॉटलंडचा, पण उत्तर द्यावं लागलं ते लंडनच्या सरकारला.

रेल्वेत तर आणखी गुंता आहे. रूळ ज्या नेटवर्क रेलचे, ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची. स्कॉटलंडमधल्या रुळांसाठी पैसा आणि कामाच्या अटी एडिनबराकडून येतात आणि गाड्या चालवणारी स्कॉटरेल १ एप्रिल २०२२पासून स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे. मुंबईत लोकल केंद्राची, बेस्टची बस महापालिकेची आणि मेट्रो तिसऱ्याचीच, त्यामुळे पावसात अडकलेला माणूस नेमका कोणावर चिडावा हेच त्याला कळत नाही. तशीच ही गत. अधिकार असे विभागलेले असले की प्रत्येक सरकारला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. जाब विचारणाऱ्याचं निम्मं बळ ‘हे काम तुमचंच’ हे सिद्ध करण्यात जातं.

बोटींच्या बाबतीत मात्र ही पळवाट नव्हती. काम पूर्णपणे एडिनबराचं होतं.

ग्लासगोच्या नैर्ऋत्येला क्लाइडच्या खाडीत अ‍ॅरन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं बेट आहे. दवाखान्याची मोठी कामं, दुकानातला माल, पर्यटक, सगळं बोटीवर अवलंबून. बोटी चालवते कॅलमॅक, बोटींची मालकी सीमॅल नावाच्या कंपनीकडे, आणि या दोन्ही कंपन्या सरकारी. ऑक्टोबर २०१५मध्ये सीमॅलने पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन कारखान्याला ९ कोटी ७० लाख पौंडांत दोन बोटींचं काम दिलं. पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, २०१८मध्ये धावायची होती. २१ नोव्हेंबर २०१७ला तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन यांच्या हस्ते तिचं जलावतरण झालं, तेव्हा पुढच्या भागावर खिडक्याच बसलेल्या नव्हत्या. खिडक्यांच्या जागी काळे चौकोन रंगवलेले होते. ऑगस्ट २०१९मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि वर्षअखेर सरकारने तो ताब्यात घेतला. ‘ग्लेन सॅनॉक्स’वर पहिले प्रवासी चढले १३ जानेवारी २०२५ला. दोन्ही बोटींचा मिळून खर्च मूळ किमतीच्या चौपटीवर गेला.

आता पर्यावरणाचा धागा इथेच आहे. या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवरही चालाव्यात अशा बनवल्या, कारण त्या डिझेलपेक्षा स्वच्छ ठरतील असं सांगितलं गेलं. स्कॉटलंडमध्ये असा वायू उतरवून बोटींना देण्याची सोय नाही. तो इंग्लंडच्या पार आग्नेय टोकाला, केंटमध्ये उतरतो आणि तिथून टँकरने रस्त्यावरून शेकडो मैल उत्तरेला आणावा लागतो. शिवाय इंजिनात न जळता निसटणारा मिथेन वेगळाच. शेवटी कॅलमॅकच्याच आकडेमोडीत असं निघालं, की नव्या बोटीचं उत्सर्जन तीसएक वर्षांच्या जुन्या ‘कॅलेडोनियन आइल्स’पेक्षा जास्त भरेल. नवी बोट मोठी आहे, तिच्यात गाड्या जास्त मावतात, हे मान्य. पण ‘हरित’ म्हणून घेतलेल्या बोटीचा हा हिशेब काम देण्याआधी लोकांसमोर यायला हवा होता, बोट पाण्यात उतरल्यावर नाही.

मग जाब कोणी विचारला? आधी संसदेच्या समितीने चौकशी करून डिसेंबर २०२०मध्ये अत्यंत कडक शब्दांत अहवाल दिला. मार्च २०२२मध्ये ऑडिट स्कॉटलंड या लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल आला. तिथले ऑडिटर जनरल सरकारला नाही, संसदेला बांधील असतात, आपल्या कॅगसारखेच. जहाजबांधणीत एक साधी रीत असते : कारखाना बुडाला तर खरेदीदाराने दिलेले पैसे परत मिळतील अशी पूर्ण हमी घ्यायची. फर्ग्युसनने ती पूर्ण हमी दिलीच नाही. सीमॅलला धोका दिसत होता आणि तिने तसं कळवलंही होतं. तरी मंत्र्यांनी काम द्यायला संमती दिली. का दिली? लेखापरीक्षकांनी कागद शोधले, तर हा धोका मंत्र्यांनी कशाच्या आधारे पत्करला याची पुरेशी लेखी नोंदच मिळाली नाही. मे २०२२मध्ये सरकारने एक जुना ईमेल सापडल्याचं जाहीर केलं. त्यातून तेव्हाच्या वाहतूकमंत्र्यांनी मंजुरी दिल्याचं कळलं. मंजुरीमागचं कारण काही त्यात नव्हतं.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटते ती ही गोष्ट. उशीर होतो, अंदाज चुकतात, कारखाने बुडतात. पण सार्वजनिक पैशाचा एवढा मोठा निर्णय का घेतला याची नोंद नसेल, तर समिती नेमा, लेखापरीक्षक पाठवा, विरोधी पक्षाने दर गुरुवारी दुपारी फर्स्ट मिनिस्टरना प्रश्न विचारावेत, हाती काहीच लागत नाही. या बोटींपायी एकाही मंत्र्याची खुर्ची गेली नाही. मार्च २०२४मध्ये कारखान्याच्या प्रमुखाला मात्र घरी जावं लागलं. पदरात पडलं ते इतकंच, की सगळा घटनाक्रम आज तारखांसकट उघड आहे आणि पुढच्या बोटींचे करार डोळ्यांत तेल घालून तपासले जातात. अ‍ॅरनच्या लोकांनी जे सोसलं, ऐनवेळी रद्द होणाऱ्या फेऱ्या, हुकलेल्या दवाखान्याच्या वेळा, त्याची भरपाई यातून होत नाही.

दुसरी गोष्ट हवामानाची, आणि इथे कागद होता. २००९मध्ये होलीरूडने हवामान कायदा केला, २०१९मध्ये तो कडक केला : १९९०च्या तुलनेत २०३०पर्यंत उत्सर्जन ७५ टक्क्यांनी कमी, २०४५पर्यंत निव्वळ शून्य, आणि दर वर्षाचं वेगळं उद्दिष्ट. आकडा कायद्यात, तारीख कायद्यात आणि मोजणारी यंत्रणा सरकारबाहेरची. क्लायमेट चेंज कमिटी ही ब्रिटनभरची स्वतंत्र समिती दरवर्षी झाडा घेते. मार्च २०२४मध्ये तिने स्पष्ट लिहिलं, की १२ वर्षांत ८ वेळा वार्षिक उद्दिष्ट हुकलं आणि २०३०चं उद्दिष्ट आता गाठता येण्यासारखं राहिलेलं नाही. यावर सारवासारव करायला सरकारला जागाच उरली नाही. १८ एप्रिलला मंत्री मेरी मॅक्अ‍ॅलन यांनी ते उद्दिष्ट मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्यावरून सत्तेतल्या भागीदार ग्रीन पक्षात खळबळ माजली. आठवडाभरात फर्स्ट मिनिस्टर हम्झा युसुफ यांनी त्यांच्याशी असलेला करारच मोडला आणि २९ एप्रिलला त्यांनाच राजीनाम्याची घोषणा करावी लागली. न्यायालयाने दंड केला नाही, कोणी कोठडीत गेलं नाही. कायद्यातला एक आकडा हुकल्याची कबुली द्यावी लागली आणि तिथून सुरू झालेल्या घसरणीत सरकारचा प्रमुख गेला.

अर्थात नोव्हेंबर २०२४मध्ये होलीरूडने कायदा बदलून वार्षिक उद्दिष्टं काढली आणि त्याऐवजी पाच-पाच वर्षांची कार्बनची अंदाजपत्रकं आणली. एका वर्षी थंडी कडक पडली तर आकडा वर जातो, म्हणून पाच वर्षांचा हिशेब शास्त्राला धरून आहे, हे मला पटतं. पण संसदेच्या एका कारकिर्दीत न चुकता येणारी दरवर्षीची परीक्षा गेली, याचं वाईटही वाटतं. उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा वाहतुकीचा आहे. मोटारींचा वापर २०३०पर्यंत २० टक्क्यांनी घटवायचं सरकारने ठरवलं होतं. जानेवारी २०२५मध्ये लेखापरीक्षकांनी सांगितलं, की हे होणार नाही, कारण त्यामागे ना ठोस योजना आहे ना कोणाचं नेतृत्व. त्याच वर्षी सरकारनेही ते मान्य केलं. हे उद्दिष्ट कायद्यात नव्हतं, धोरणात होतं. म्हणून ते सुटलं तेव्हा फारसा आवाज झाला नाही.

आणि जाब एकाच दिशेने विचारला जातो असंही नाही. पर्थ ते इनव्हर्नेस हा ए-९ महामार्ग २०२५पर्यंत पूर्ण चौपदरी, दुभाजकाचा करू, असं सरकारने २०११मध्ये कबूल केलं होतं. दुभाजक नसलेल्या पट्ट्यांवर समोरासमोर धडका होऊन माणसं मरत राहिली आणि फेब्रुवारी २०२३मध्ये सरकारने मुदत पाळता येणार नसल्याचं सांगितलं. नवी तारीख २०३५. यावर एका रहिवाशाने संसदेकडे अर्ज केला. होलीरूडला सह्यांची किमान संख्या लागत नाही, एका माणसाचा अर्जही दाखल होतो. त्या अर्जावर समितीने चौकशी लावली आणि माजी फर्स्ट मिनिस्टरनाही साक्षीला बोलावलं. म्हणजे एक नागरिक विचारतो रस्ता का रुंद केला नाहीत, दुसरा विचारतो मोटारी का कमी केल्या नाहीत, आणि सरकारने दोघांनाही शब्द दिलेला आहे. दोन्ही शब्द एकत्र कसे पाळणार हे सरकारने कधी नीट सांगितलंच नाही. माझं मन अपघातात गेलेल्यांच्या घरच्यांकडे झुकतं. तिथे रस्ता हवाच. पण मग तेवढंच उत्सर्जन दुसरीकडे कुठे कमी करणार, ते त्याच सभागृहात त्याच दिवशी सांगायला हवं.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रसेल्सची नजर गेली, म्हणून ऑक्टोबर २०२१पासून ‘एन्व्हायर्नमेंटल स्टँडर्ड्स स्कॉटलंड’ ही स्वतंत्र संस्था काम करू लागली. तिच्याकडे कोणीही फुकट तक्रार करू शकतं. तिचा पहिला सुधारणा-अहवाल शहरांच्या हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडवर होता, म्हणजे थेट मोटारींच्या धुरावर. असा अहवाल आला की मंत्र्यांना सुधारणेचा आराखडा संसदेपुढे ठेवणं भाग असतं.

तुमच्या पुतणीला नुसतं चिडून बसायची गरज नाही. स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसालाही होलीरूडच्या निवडणुकीत मत आहे, आणि राष्ट्रकुलातले म्हणून भारतीयांना ते आधीपासूनच आहे; तिने फक्त मतदारयादीत नाव नोंदवावं. तिचे तिथे आठ प्रतिनिधी आहेत, एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे. बोटीबद्दल, बसबद्दल, धुराबद्दल ती आठही जणांना लिहू शकते. आणि तुम्हीसुद्धा सांगलीत बसून काही करू शकता. आपला माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे, पण तिथला २००२चा कायदा माहिती मागणाऱ्याचं नागरिकत्व विचारत नाही. ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड या सरकारी वाहतूक संस्थेला ईमेल लिहा, हवा तो कागद नेमक्या शब्दांत मागा. कामाच्या २० दिवसांत त्यांना उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर आधी त्यांच्याकडेच फेरविचार मागा आणि तरी समाधान झालं नाही तर सेंट अँड्र्यूजच्या माहिती आयुक्तांकडे अपील करा.